बालखेळाडू आणि जोखमीचे क्रीडाप्रकार

ज्या खेळांत पडणे, बुडणे, गारठणे किंवा अतिश्रमाने कायमची इजा होणे संभवते, अशा खेळांत शारीरिक वाढ पूर्ण होण्यापूर्वीच, सामान्यतः वयाच्या पाचव्या ते पंधराव्या वर्षांच्या दरम्यान उतरणारी मुले या नोंदीत अभिप्रेत आहेत. उंच मानवी मनोरे, खांबावरील व दोरीवरील कसरती, दीर्घ पल्ल्याचे सागरी जलतरण, उंच शिखरांवरील गिर्यारोहण आणि लांब पल्ल्याचे धावणे हे त्यांतील प्रमुख प्रकार होत. महाराष्ट्रात या विषयाची चर्चा मुख्यतः दहीहंडीच्या निमित्ताने, तीही गोकुळाष्टमीच्या आसपास होते. प्रश्न मात्र त्याहून जुना व व्यापक आहे.

धोका आणि जोखीम या दोन शब्दांत येथे भेद करणे आवश्यक आहे. धोका हा वस्तुस्थितीत असतो; जोखीम ही जाणून पत्करलेली असते. सात वर्षांचे मूल धोक्याला सामोरे जाऊ शकते, कित्येकदा प्रौढांपेक्षा अधिक निर्भयपणे. पण जोखीम पत्करणे त्याच्या आवाक्यातले नसते, कारण परिणामांची कल्पना करण्याची शक्ती त्या वयात पुरती विकसित झालेली नसते. त्याच्या वतीने जोखीम दुसरा कोणीतरी पत्करीत असतो : आईवडील, प्रशिक्षक, मंडळ वा संयोजक. बालखेळाडूच्या धाडसाचे मोजमाप करताना या दुसऱ्या व्यक्तीचा विचार क्वचितच होतो. शिवाय विचार झालाच तर तो स्पर्धेच्या किंवा उत्सवाच्या दिवसापुरता होतो. त्याआधीच्या सरावाकडे कायद्याचे, प्रेक्षकांचे व वृत्तपत्रांचेही फारसे लक्ष जात नाही.

परंपरेतून येणारे कौशल्य : धोक्याच्या कामाशी मुलाचा परिचय सर्वच ठिकाणी स्पर्धेमुळे होतो असे नाही. पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यात वैतरणा नदीच्या मुखाजवळ वसलेले अर्नाळा हे मच्छीमारांचे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. समोरच्या बेटावर मराठ्यांनी १७३७ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलेला व नव्याने बांधून काढलेला जलदुर्ग आहे. बेटावर वस्ती असून तिचा किनाऱ्याशी संबंध पिढ्यान् पिढ्या होडीनेच राहिलेला आहे. उत्तर कोकणच्या या किनाऱ्यावर उधाणाच्या वेळी भरती व ओहोटी यांच्या पातळ्यांत सु. ४ ते ५ मी. अंतर पडते आणि नदीमुखाशी पाण्याला जबर ओढ असते. अशा ठिकाणी कोळ्यांचे मूल पोहणे शिकते ते वर्गात नव्हे. ओहोटीच्या उथळ पाण्यात, नांगरलेल्या होड्यांच्या आडोशाने, थोरल्या भावंडांच्या संगतीत ते पाण्याला सरावते. त्याच्या शिक्षणाचा मोठा भाग पाण्यात केव्हा उतरू नये हे कळण्याचा असतो. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण, अष्टमीच्या सुमाराचा भांग, वारा फिरल्याची खूण, पावसाळ्यातील दर्या या गोष्टी त्याला पोहण्याच्या हातांइतक्याच लवकर समजतात. या शिक्षणात घड्याळ नसते, बक्षीस नसते, बघे नसतात. आणि मुलाला भीती वाटली तर किनाऱ्यावर परत येण्यास कोणाची आडकाठी नसते. अर्नाळा ते कळंब या पट्ट्यात बाहेरून आलेले पर्यटक बुडण्याच्या दुर्घटना घडलेल्या आहेत. त्यांतील कित्येक पोहता येणारे असावेत. त्यांना पाणी ठाऊक होते, हा किनारा ठाऊक नव्हता.

हे चित्र रम्य करून सांगण्याचे कारण नाही. मासेमारीच्या कामात मुलांनाही अपघात होतात व तो व्यवसायच कष्टाचा आहे. परंतु क्रमाक्रमाने वाढणारे कौशल्य आणि माघार घेण्याची मोकळीक हे दोन गुण येथे स्पष्ट दिसतात. संघटित क्रीडाप्रकारांत हेच दोन गुण प्रथम नाहीसे होतात.

वाढते शरीर : मूल म्हणजे लहान आकाराचा प्रौढ नव्हे. त्याच्या लांब हाडांच्या टोकांशी उपास्थीचे वाढीचे पट्टे असतात. सभोवतालचे अस्थिबंध व कंडरा यांच्या मानाने हे पट्टे दुर्बल असल्यामुळे, जेथे प्रौढाचा सांधा मुरगळेल तेथे मुलाच्या वाढीच्या पट्ट्यालाच इजा होऊ शकते व ते हाड पुढे आखूड किंवा वाकडे वाढण्याचा संभव राहतो. मुलींत हे पट्टे साधारणतः चौदाव्या ते सोळाव्या वर्षाच्या सुमारास व मुलांत त्यानंतर सु. दोन वर्षांनी बंद होतात. एकच हालचाल वर्षानुवर्षे, आठवड्याचे अनेक तास करीत राहिल्याने होणाऱ्या इजा तर एखाद्या दिवशी घडत नाहीत. त्या साचत जातात व पुष्कळदा खेळ सोडल्यानंतर लक्षात येतात. वजन कमी ठेवण्याच्या दडपणाखाली अपुरा आहार घेणाऱ्या मुलींत मासिक पाळी लांबते व हाडांची घनता घटते, असे जिम्नॅस्टिक्ससारख्या खेळांत आढळून आले आहे.

वस्तुमानाच्या मानाने मुलाच्या त्वचेचे क्षेत्रफळ प्रौढापेक्षा अधिक असते. त्यामुळे थंड पाण्यात त्याची उष्णता लवकर जाते. उलट कडक उन्हात ती लवकर आत येते आणि घाम कमी येत असल्याने बाहेर पडण्यास अडचण होते. मुलाचे डोके शरीराच्या प्रमाणात मोठे व जड, मान त्या मानाने कमी बळकट. उंचावरून पडताना याचा परिणाम काय होतो हे सांगण्याची गरज नाही. सहा मीटरांवरून पडलेले शरीर ताशी सु. ३९ किमी. वेगाने जमिनीवर आदळते. बारा मीटरांवरून ताशी सु. ५५ किमी. वेगाने. या दुसऱ्या पतनाला दीड सेकंदाहून किंचित अधिक काळ लागतो. खाली उभ्या असलेल्या माणसाला हात पसरण्यास तेवढाच अवधी मिळतो.

डोंबारी, सर्कस व मल्लखांब : रस्त्यावर दोन बांबूंच्या कैच्यांवर ताणलेल्या दोरावरून काठी तोलीत चालणारी डोंबाऱ्याची मुलगी हे महाराष्ट्रातील बालकसरतीचे बहुधा सर्वांत परिचित रूप होय. तिच्या कसबाला खेळ म्हणतात, पण तिला खेळाडू कोणी म्हणत नाही. सर्कशीचेही तसेच. विष्णुपंत छत्रे यांनी १८८० मध्ये सुरू केलेल्या पहिल्या भारतीय सर्कशीपासून पुढे अनेक मराठी सर्कशी निघाल्या व त्यांत मुले लहानपणीच दाखल होत. वाघसिंहांचे जगप्रसिद्ध शिक्षक दामू धोत्रे (१९०२–७३) बालवयातच आपल्या मामांच्या सर्कशीत गेले होते. सर्कशीतील मुलांची पिळवणूक व त्यांना बाहेर पडण्यास असलेली बंदी यांविषयीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०११ मध्ये निर्णय देऊन सर्कशीत मुलांना कामावर ठेवण्यास मनाई करणारी अधिसूचना काढण्याचे आदेश केंद्र शासनास दिले.

येथे एक विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. बालमजुरीविषयक १९८६ च्या कायद्यात २०१६ मध्ये जी दुरुस्ती झाली, तीनुसार चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही व्यवसायात कामास ठेवता येत नाही. परंतु दृक्श्राव्य मनोरंजन व क्रीडा यांना, शाळेत खंड न पडण्याच्या व सुरक्षिततेच्या अटींवर, सूट आहे. या सवलतीतून सर्कस नाव घेऊन वगळलेली आहे. म्हणजे झुल्यावरील मूल कायद्याच्या दृष्टीने कामगार ठरते आणि तेवढ्याच उंचीवरचे दुसरे मूल खेळाडू ठरते. धोक्याच्या मोजमापाने हा भेद करता येत नाही. तो प्रतिष्ठेने व पैशाच्या वाटेने झालेला आहे. सर्कशीखाली निदान जाळे तरी असे.

मल्लखांबाचा इतिहास वेगळ्या दिशेने जातो. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात बाळंभटदादा देवधर यांनी पुनरुज्जीवित केलेला हा व्यायामप्रकार मुलांना सहाव्या-सातव्या वर्षापासून शिकविण्याची प्रथा आहे. पुरलेल्या मल्लखांबाची जमिनीवरील उंची सु. अडीच मी. असते, खाली गादी असते, खांबाला एरंडेल तेल लावून तो गुळगुळीत राखतात. उडी, पकड, तेढी, मग फिरकी, मग बोंडावरील आसने हा क्रम चुकवून मुलाला वर चढविणारा वस्ताद चांगला मानला जात नाही. दादरचे श्री समर्थ व्यायाम मंदिर व तेथील प्रशिक्षक उदय देशपांडे (पद्मश्री, २०२४) यांनी हा खेळ देशाबाहेरही नेला. मल्लखांबात इजा होत नाहीत असे नव्हे. परंतु धोका उंचीने न वाढविता अवघडपणाने वाढवावयाचा, ही त्याची शिस्त अन्य क्रीडाप्रकारांनी पाहावी अशी आहे.

गोविंदा : मुंबई, ठाणे व वसई–विरार या पट्ट्यातील दहीहंडी हा मूळचा वाडीचा खेळ. अंगणात किंवा दोन चाळींच्या मध्ये बांधलेली हंडी तीन-चार थरांत फुटे. गेल्या शतकाच्या अखेरीपासून राजकीय पुढाऱ्यांच्या आश्रयाने लाखो रुपयांची बक्षिसे लागू लागली व ती थरांच्या संख्येवर ठरू लागली. त्याबरोबर पथकांची संख्या, सरावाचा काळ व मनोऱ्याची उंची ही सारी वाढली. जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने १० ऑगस्ट २०१२ रोजी ठाण्यात नऊ थर रचून १३·३४ मी. उंची गाठली. ऑगस्ट २०२५ मध्ये ठाण्यातच दहा थर लागले. प्रथम कोकण नगर पथकाने व पाठोपाठ जय जवान पथकाने हा पराक्रम केला.

मनोऱ्याची रचना पाहिली म्हणजे मुलाचे स्थान का अपरिहार्य झाले हे समजते. वरच्या प्रत्येक थराचे वजन खालच्या सर्व थरांना वाहावे लागते. तळाशी मोठा घोळका आधार देतो. त्यावरील थर अधिकाधिक निमुळते होत जातात व शेवटचा एकच गोविंदा, ज्याला पथकांच्या बोलीत ‘एक्का’ म्हणतात, हंडीपर्यंत पोहोचतो. त्याला थोडक्या सेकंदांत आठ-नऊ जणांच्या मांड्या-खांद्यांवरून वर जावयाचे असते, तोल सांभाळून उभे राहावयाचे असते आणि दोन्ही हात वर करून सलामी द्यावयाची असते. तोवर खालच्या प्रत्येकाचे पाय थरथरत असतात. वीस-बावीस किलो वजनाचे, चपळ व उंचीला न भिणारे शरीर या कामास उत्तम. थर वाढला की एक्का लहान होतो. बक्षीस थरांना असल्यामुळे लहान मुलाची मागणी अशा रीतीने बक्षिसातूनच निर्माण होते. पथकातील प्रशिक्षकाला कितीही माया असली, तरी हे गणित बदलत नाही.

असाच मनोरा स्पेनच्या कातालोनिया प्रांतात अठराव्या शतकापासून रचतात. तेथेही शेवटी चढते ते मूलच व एक हात वर करून ते खूण देते. या परंपरेस युनेस्कोने २०१० मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले. २००६ मध्ये मातारो येथील पथकातील बारा वर्षांच्या मुलीचा मनोरा कोसळून मृत्यू झाल्यानंतर तेथे वरच्या थरांतील मुलांनी मऊ शिरस्त्राण घालण्याची पद्धत सार्वत्रिक झाली. तालमीच्या जागी जाळे बांधण्याचीही चाल तेथे आहे. मुलांना मनोऱ्यातून काढून टाकण्याचा विचार तेथे रुजला नाही. मुलाभोवतीची व्यवस्था बदलण्यात आली.

महाराष्ट्रात प्रश्न न्यायालयाच्या वाटेने गेला. २०१४ च्या उन्हाळ्यानंतर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाने बारा वर्षांखालील मुलांना थरांत घेण्यास हरकत घेतली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नवी मुंबईत सरावाच्या वेळी पडून एका चौदा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. एका जनहित याचिकेवर ११ ऑगस्ट २०१४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील मुलांच्या सहभागास मनाई केली व मनोऱ्याची कमाल उंची २० फूट (सु. ६ मी.) ठरविली. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने या आदेशास स्थगिती दिली. मात्र बारा वर्षांखालील मुलांना मनाई कायम ठेवली. ऑगस्ट २०१५ मध्ये राज्य शासनाने दहीहंडीस साहसी खेळाचा दर्जा दिला. ऑगस्ट २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अठरा वर्षे व २० फूट या दोन्ही मर्यादा शिथिल करण्यास नकार दिला. पुढील वर्षी प्रकरण पुन्हा उच्च न्यायालयाकडे आले आणि ७ ऑगस्ट २०१७ रोजी त्याने उंचीवर मर्यादा घालणे हे विधिमंडळाचे काम असल्याचे सांगून तो प्रश्न शासनावर सोपविला. वयाच्या बाबतीत चौदा वर्षांखालील मुलांना सहभागी होऊ न देण्याची शासनाची हमी नोंदवून घेतली. ऑगस्ट २०२२ मध्ये शासनाने साहसी खेळाचा दर्जा पुन्हा जाहीर करून गोविंदांना शासकीय नोकऱ्यांतील खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणाचा लाभ व मृत्यू झाल्यास वारसांना दहा लाख रुपये देण्याची घोषणा केली.

तीन वर्षांच्या आत वयाची मर्यादा अठरा, बारा, पुन्हा अठरा आणि शेवटी चौदा अशी बदलली, यावरून ती कोणत्याही एका तत्त्वावर उभी नव्हती हे दिसते. चौदा हा आकडा बालमजुरीच्या कायद्यातील बालकाच्या व्याख्येशी जुळतो, तर अठरा हा बालन्याय कायद्यातील व्याख्येशी. हाडांच्या वाढीशी, तोलाच्या जाणिवेशी किंवा परिणाम ओळखण्याच्या शक्तीशी दोहोंपैकी कोणत्याही आकड्याचा हिशेब घातलेला नाही. पथकांची अडचणही खरी आहे. चौदा वर्षे पूर्ण झालेला मुलगा पुष्कळदा चाळीस किलोंचा असतो. त्याला नवव्या थरावर चढविणे हे खालच्या सर्वांसाठी अधिक धोक्याचे ठरू शकते. उंचीची मर्यादा उठवून वयाची मर्यादा ठेवणे म्हणजे नियमाचा एक पाय काढून दुसऱ्यावर त्यास उभे करण्यासारखे झाले.

१० ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईच्या दहिसर भागात सराव चालू असताना सहाव्या थरावरून पडून अकरा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला. अंगावर सुरक्षेचे साधन नव्हते. मंडळाच्या पदाधिकाऱ्यावर गुन्हा नोंदविण्यात आला. उत्सवाच्या दिवशी मोठ्या हंड्यांपाशी क्रेनला बांधलेला सुरक्षा-दोर एक्क्याच्या कमरेला अडकविलेला असतो, डोक्यावर शिरस्त्राण असते, रुग्णवाहिका उभी असते, पोलीस वय विचारतात. रात्री दहानंतर चाळीच्या आवारात, दिव्याच्या खांबाखाली चालणाऱ्या सरावात यांतील पुष्कळदा काहीच नसते. तरीही खरे चढणे-पडणे तेथेच अधिक वेळा होते. नवी मुंबई व दहिसर येथील हे दोन्ही मृत्यू हंडी फोडताना झालेले नाहीत.

सागरी जलतरण : धरमतर ते गेटवे ऑफ इंडिया (सु. ३५ किमी.), घारापुरी ते गेटवे (सु. १४ किमी.) हे मुंबई बंदरातील सागरी जलतरणाचे प्रसिद्ध टप्पे असून ते पोहून जाणाऱ्यांत दहा-बारा वर्षांची मुलेही असतात. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर दरवर्षी भरणाऱ्या सागरी स्पर्धांत वयोगटानुसार कमी-अधिक अंतरे ठरविलेली असतात. अरबी समुद्राचे पाणी येथे उबदार असल्याने गारठ्याचा धोका कमी. पण ओढ, जेलीफिश, तेलाचा तवंग व जहाजांची वर्दळ हे धोके राहतात. त्यामुळे सोबतची होडी व तीतील अनुभवी निरीक्षक यांना पोहणाऱ्याइतकेच महत्त्व असते. भरतीची वेळ चुकली, तर त्याच अंतराला बराच अधिक वेळ लागू शकतो.

इंग्लिश खाडीचे पाणी उन्हाळ्यातही सु. १५ ते १८° से. असते. १९८८ मध्ये इंग्लंडच्या टॉमस ग्रेगरी या मुलाने बारावे वर्ष पुरे होण्याआधी ती ११ तास ५४ मिनिटांत पार केली. या अनुभवावर त्याने मोठेपणी आत्मकथनही लिहिले. १९९४ मध्ये मुंबईची रूपाली रेपाळे व तमिळनाडूचा कुट्रालीश्वरन या दोन भारतीय मुलांनी बाराव्या वर्षी ही खाडी पोहून पार केली. कुट्रालीश्वरनने त्याच वर्षात सहा सागरी टप्पे पार करून मिहिर सेन यांचा एका वर्षात पाच टप्प्यांचा विक्रम मागे टाकला. पुढे इंग्लिश खाडीतील जलतरणाचे नियमन करणाऱ्या संस्थांनी किमान वय सोळा वर्षे केले. ग्रेगरीचा विक्रम त्यामुळे अबाधित राहणार आहे. या नियमाचा परिणाम मुंबईच्या जिया राय हिच्या कारकीर्दीत दिसतो. तिने मार्च २०२२ मध्ये तेराव्या वर्षी श्रीलंका व भारत यांमधील पाल्कची सामुद्रधुनी १३ तास १० मिनिटांत पार केली. इंग्लिश खाडीसाठी तिला सोळा वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबावे लागले व ती खाडी तिने जुलै २०२४ मध्ये पार केली. या प्रतीक्षेने तिचे काही हिरावून घेतले असे दिसत नाही.

धावणे व गिर्यारोहण : २ मे २००६ रोजी ओडिशातील बुधिया सिंग हा सु. चार वर्षांचा मुलगा पुरी ते भुवनेश्वर हे ६५ किमी. अंतर सात तास दोन मिनिटांत धावला. मे महिन्याच्या उन्हात झालेल्या या धावेनंतर त्याची वैद्यकीय तपासणी झाली व राज्य शासनाने त्याच्या लांब पल्ल्याच्या धावण्यास बंदी केली. गरिबीतून त्याला उचलणारा प्रशिक्षक त्याचा त्राता की पिळवणूक करणारा, यावर देशभर वाद झाला. दोन्ही बाजूंना पुरावा होता. मुंबईच्या वार्षिक मॅरॅथॉनमध्ये पूर्ण अंतर धावण्यास अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. एव्हरेस्टसाठी नेपाळने किमान वय सोळा ठेवले आहे. तिबेटच्या बाजूने तेलंगणाची मालावत पूर्णा २०१४ मध्ये वयाच्या चौदाव्या वर्षात शिखरावर पोहोचली होती. मुंबईत शिकलेली काम्या कार्तिकेयन २०२० मध्ये बाराव्या वर्षी दक्षिण अमेरिकेतील आकोंकाग्वा शिखर चढली. एव्हरेस्ट तिने मे २०२४ मध्ये, सोळाव्या वर्षी, नेपाळच्या बाजूने सर केले.

वयोमर्यादा व तिच्या मर्यादा : जागतिक क्रीडासंघटनांनी वयाचे नियम बहुधा एखाद्या खळबळीनंतर केले आहेत. माँट्रिऑल येथे १९७६ मध्ये चौदा वर्षांच्या नादिया कोमानेचीने जिम्नॅस्टिक्समध्ये पूर्ण दहा गुण मिळविल्यावर जगभर लहान मुलींची भरती वाढली. महिला जिम्नॅस्टिक्ससाठी किमान वय १९८१ मध्ये पंधरा व १९९७ मध्ये सोळा झाले. त्याबरोबर खोट्या वयाच्या तक्रारी सुरू झाल्या. २००० च्या सिडनी ऑलिंपिकमधील चीनच्या महिला संघाचे कांस्यपदक एका खेळाडूच्या वयाच्या फेरफारामुळे २०१० मध्ये काढून घेण्यात आले. २०२२ च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये पंधरा वर्षांच्या रशियन स्केटपटूचे उत्तेजक द्रव्याचे प्रकरण गाजल्यावर फिगर स्केटिंगची मर्यादा टप्प्याटप्प्याने सतरापर्यंत नेण्यात आली. याउलट स्केटबोर्डिंगला तशी मर्यादा नसल्याने टोकिओ ऑलिंपिकच्या (२०२१ मध्ये भरलेल्या) महिलांच्या एका प्रकारात सुवर्ण व रौप्य या दोन्ही पदकांच्या मानकरी तेरा वर्षांच्या होत्या. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये चीनची एक स्पर्धक अकरा वर्षांची होती.

अशा मर्यादेचा खरा उपयोग बक्षीस व प्रसिद्धी यांची घाई कमी होण्यात असतो. ज्या वयात पदक मिळणारच नाही, त्या वयात मुलावर दडपण आणण्याचे प्रौढांना कारण उरत नाही. तथापि सोळाव्या वर्षी आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरणाऱ्या जिम्नॅस्टचे शिक्षण पाचव्या-सहाव्या वर्षीच सुरू झालेले असते व त्या दहा वर्षांना नियम लागू होत नाही. भारताने १९९२ मध्ये मान्य केलेल्या बालहक्कविषयक आंतरराष्ट्रीय करारात खेळण्याचा हक्क व आपले मत मांडण्याचा हक्क हे दोन्ही मुलाला दिलेले आहेत; सरावातून उठून जाण्याचा हक्क त्यांतूनच निघतो, पण त्याची नोंद कोणत्याही पथकाच्या वा तरणतलावाच्या नियमावलीत सहसा नसते.

सरावाचे नियमन अशक्य नाही. मुलाच्या प्रत्येक सरावाच्या वेळी जबाबदार असलेल्या प्रौढाचे नाव लेखी असणे, थर चढविण्यापूर्वी दोर, जाळे वा गाद्या यांची तपासणी, मुलाला एका रात्रीत किती वेळा वर पाठवावे यावर मर्यादा, वाढीच्या वर्षांत ठराविक काळाने अस्थितज्ज्ञाकडून तपासणी, आणि मूल नको म्हणाले तर त्या दिवशी त्याला पुन्हा न विचारणे इ. उपाय फारसे खर्चाचे नाहीत. यांतील शेवटचा उपाय बहुधा सर्वांत कठीण ठरतो, कारण त्या वेळी अंगणात पन्नास-साठ माणसे खांद्याला खांदा लावून उभी असतात आणि सारी वर चढणाऱ्या मुलाकडे पाहत असतात.